विटा, पाच यार्ड आणि जेरी राइस

अमेरिकन फुटबॉलपटू जेरी राइसचे नाव निघाले की गोष्ट विटांपासूनच सुरू होते. मिसिसिपी राज्यातल्या क्रॉफर्ड या खेड्यात त्याचे वडील गवंडीकाम करायचे आणि सुट्टीत मुलांना कामावर न्यायचे. भाऊ खालून विटा फेकायचा आणि जेरी परांचीवर उभा राहून त्या झेलायचा. आपल्याकडेही स्लॅबच्या कामावर बिगारी अशाच विटा वर पोचवतात. ज्याने एकदा तरी हे पाहिले असेल त्याला झेलणाऱ्याच्या हाताची गंमत ठाऊक असते. तो वीट पकडत नाही, तिच्याबरोबर हात मागे नेत तिचा जोर जिरवतो. हात ताठ ठेवला की बोटे सोलवटली म्हणून समजा.

गोष्ट खरी आहे, राइसनेच अनेकदा सांगितलेली आहे. फक्त ती इतकी गोड आहे की तिच्याआड बाकीचा सगळा इतिहास झाकला जातो. २० हंगाम, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि एकूण २०८ टचडाउन (समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेऊन केलेली कमाई) हा हिशेब नुसत्या विटांवर बसत नाही. अमेरिकेत गवंड्यांची मुले पुष्कळ होती.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. चेंडू घेऊन माणसांच्या भिंतीतून घुसा, नाहीतर क्वार्टरबॅकने तो पुढे फेकायचा आणि कुणीतरी धावत जाऊन झेलायचा. तो 'कुणीतरी' म्हणजे मुख्यतः वाइड रिसीव्हर. तो रांगेच्या टोकाला, गर्दीपासून दूर उभा असतो, म्हणून 'वाइड'. चेंडू हातात आल्यावर त्याचे काम संपत नाही, कारण तेवढ्यात त्याला पाडायला दोघे-तिघे पोचलेले असतात.

हा पुढे फेकलेला चेंडू मुळात नियमातच नव्हता. १९०५ च्या हंगामात मैदानावरच्या मारामारीत इतकी मुले दगावली की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या लोकांना बोलावून घ्यावे लागले. खेळ जरा मोकळा व्हावा म्हणून १९०६ मध्ये पुढे चेंडू फेकायला परवानगी मिळाली, पण तीही नाराजीनेच दिल्यासारखी. कुणी झेलला नाही तर पंधरा यार्डांचा दंड! अशा अटीवर कोण फेकणार? अटी पुढे हळूहळू सैल होत गेल्या आणि १९३५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडे डॉन हटसन आला. ठरलेल्या वाटेने धावायचे, मध्येच वळायचे, बचाव करणाऱ्याला चकवायचे ही आजची रिसीव्हरची भाषा बरीचशी त्याने घडवली. १९४५ मध्ये तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर ९९ टचडाउन झेल होते. तो आकडा ओलांडायला १९८९ उजाडले. सिअ‍ॅटलच्या स्टीव्ह लार्जंटने तो शंभरावर नेला.

मधल्या चाळीसेक वर्षांत पास, म्हणजे पुढे फेकलेले चेंडू, नव्हते असे नाही, पण सत्तरच्या दशकापर्यंत बचाव करणारे फार पुढे निघून गेले होते. पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट हा त्यातला कळस. रिसीव्हर धावायला लागला की तो त्याला छातीवर धक्के देत पार मैदानाच्या मध्यापर्यंत अडवत न्यायचा, आणि ते नियमात बसायचे. १९७८ मध्ये नियम बदलला. सुरुवातीच्या पाच यार्डांत काय ते करा, त्यापुढे चेंडू येईपर्यंत अंगाला हात लावायचा नाही. लोक त्याला ब्लाउंटचाच नियम म्हणतात. माझ्या मते राइसच्या कारकिर्दीची पहिली वीट ही आहे. तेव्हा तो शाळेत होता.

शाळेतली गोष्ट अशी. तो वर्ग बुडवून भटकत होता, मागून उपमुख्याध्यापकांनी हटकले आणि पठ्ठ्या असा पळाला की त्यांनी शिक्षा तर केलीच, शिवाय फुटबॉलच्या प्रशिक्षकाला जाऊन सांगितले की या मुलाचे पाय बघा. शाळा लहान, गाव लहान. मोठ्या विद्यापीठांनी ढुंकून पाहिले नाही. ज्या स्टार्कव्हिलमध्ये तो जन्मला तिथेच मिसिसिपी स्टेटसारखे बलाढ्य विद्यापीठ होते, पण राइस गेला इट्टा बेना गावातल्या मिसिसिपी व्हॅली स्टेटला. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या संस्थांपैकी ही एक. मैदान साधे, पैसा बेताचा.

इथे त्याला प्रशिक्षक आर्ची कूली भेटले, आणि हा माणूस या सगळ्या कथेतला मला सर्वांत आवडणारा. दोन प्रयत्नांच्या मध्ये खेळाडूंनी घोळका करून खलबत करायची पद्धत त्यांनी मोडीतच काढली. समोरच्यांना श्वास घ्यायला वेळ द्यायचा नाही, चार-चार रिसीव्हर एका बाजूला उभे करायचे आणि क्वार्टरबॅक विली टॉटनने चेंडू फेकत सुटायचे. १९८४ च्या हंगामात हा संघ सामन्यामागे सुमारे ६० गुण करत होता. राइसचे त्या एका हंगामात ११२ झेल आणि २७ टचडाउन. जगात असा चेंडू नाही जो तो पकडू शकत नाही, म्हणून त्याला टोपणनाव पडले 'वर्ल्ड'. आज तिथल्या मैदानाला राइस-टॉटन स्टेडियम म्हणतात. ज्याने हा तमाशा उभा केला त्या कूलींचे नाव त्यात नाही, हे मला खटकते.

तरीही व्यावसायिक संघ साशंक होते. प्रतिस्पर्धी दुबळे म्हणून आकडे फुगलेत असे म्हणणारे होतेच, त्यात ४० यार्ड धावायला त्याला साधारण ४.६ सेकंद लागत. रिसीव्हरसाठी हा वेग मंदच. ऑक्टोबर १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा संघ ह्यूस्टनला उतरला होता. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत प्रशिक्षक बिल वॉल्श टीव्ही लावून बसले होते आणि बातम्यांत या पोराचे झेल दिसले. पुढच्या वसंतात ड्राफ्ट झाला. नव्या खेळाडूंची निवड करताना आदल्या वर्षीच्या विजेत्यांचा नंबर शेवटी लागतो, आणि विजेते तर वॉल्शच होते. त्यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी सौदा केला, पुढच्या फेरीतली निवड मोजली आणि सोळावा नंबर मिळवून राइसला उचलले. त्याच्या आधी अल टून आणि एडी ब्राउन हे दोन रिसीव्हर गेलेले होते.

वॉल्शना नेमका हाच का हवा होता, याचे उत्तर सिनसिनाटीत सापडते. १९७० च्या सुमारास ते बेंगल्स संघात सहायक होते. तिथला जोरकस हाताचा क्वार्टरबॅक ग्रेग कुक खांदा दुखावून बसला आणि वाट्याला आला व्हर्जिल कार्टर, ज्याचा हात लांब फेकण्याचा नव्हता पण नेम पक्का होता. वॉल्शनी मग आडव्या, आखूड पासांची पद्धत बसवली. चेंडू पाच-सात यार्डच जाईल, पण वेळेवर जाईल, आणि उरलेले अंतर झेलणारा पायाने कापेल. गरजेपोटी काढलेला हा तोडगा पुढे 'वेस्ट कोस्ट' म्हणून गाजला.

या पद्धतीत शर्यतीचा वेग दुय्यम ठरतो. राइसची स्लँट नावाची वाट बघा. तीन-चार पावले सरळ, मग एका पायावर भार देऊन तिरके आत. तो वळतो तोवर चेंडू हवेत असतो, क्वार्टरबॅकने रिकाम्या जागेवर सोडलेला. चौथ्याऐवजी पाचव्या पावलाला वळलात तर चेंडू पाठीमागून निघून जाईल. राइस पाऊल चुकत नसे, आणि झेलताना त्याचा वेग कमी होत नसे. हात मागे नेऊन जोर जिरवायचा आणि पाय चालू ठेवायचे. इथे मात्र विटांना त्यांचे श्रेय द्यायला हवे.

पहिले वर्ष वाईट गेले. चेंडू हातातून सुटत होते, घरचेच प्रेक्षक हुर्यो करत होते. डिसेंबर १९८५ मध्ये रॅम्स संघाविरुद्ध त्याने दहा झेलांत २४१ यार्ड काढले आणि हुर्यो थांबली. १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे त्याच्या वाट्याला बाराच सामने आले, त्यात त्याने २२ टचडाउन झेलले. तो विक्रम २००७ मध्ये रँडी मॉसने मोडला, २३ करून, पण सोळा सामन्यांत.

जानेवारी १९८९ मधली मायामीची सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक स्पर्धेची अंतिम लढत, अनेकांनी पाहिली असेल. समोर तेच बेंगल्स, ज्यांच्याकडे वॉल्शची पद्धत जन्मली. तीन गुणांनी मागे, तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ, ९२ यार्ड बाकी. क्वार्टरबॅक जो मोंटानाने त्या शेवटच्या चालीत राइसला २७ यार्डांचा एक पास दिला आणि संघ एंड झोनजवळ, म्हणजे टोकाच्या त्या पट्ट्याजवळ, पोचला. निर्णायक टचडाउन मात्र दुसरा रिसीव्हर जॉन टेलरने केला, ३४ सेकंद उरलेले असताना. बेंगल्सचे डोळे राइसवर खिळले होते आणि तो आमिष म्हणून धावत होता. ११ झेल, २१५ यार्ड. सामनावीर तोच ठरला.

यानंतर आणखी दोन सुपर बोल आले. मोंटाना गेला, स्टीव्ह यंग आला. यंग डावखुरा, म्हणजे चेंडूची फिरकीही उलट्या दिशेची. तरी राइसने मोंटानाच्या ५५ टचडाउन पासांपुढे यंगचे ८५ झेलले. म्हणजे सगळे मोंटानामुळे, हा आक्षेप निकालात निघतो.

उरतो १९७८ च्या नियमाचा आणि वॉल्शच्या पद्धतीचा आक्षेप, जो मीच वर मांडला. तो खोडून काढणारी गोष्ट म्हणजे सॅन कार्लोसजवळच्या एजवुड पार्कची टेकडी. सुमारे चार किलोमीटरचा चढ. हंगाम संपला की बाकीचे आराम करत तेव्हा राइस ती पळत चढायचा, आणि पाहुणे म्हणून आलेले खेळाडू अर्ध्या वाटेत ओकायचे. नियम सगळ्यांना सारखेच मिळाले होते, टेकडी कुणीही चढू शकत होते. पहिल्या बारा हंगामांत दुखापतीमुळे त्याचा एकही सामना चुकला नाही. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात समोरच्या संघातल्या वॉरन सॅपने हेल्मेटची जाळी धरून त्याला आपटले आणि गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. साडेतीन महिन्यांत तो परतला, टचडाउन झेलला आणि त्याच झेलात गुडघ्याची वाटी फोडून घेतली. ही घाई मला शहाणपणाची वाटत नाही. वर्षभर थांबला असता तर काय बिघडले असते?

चाळिशीत तो ओकलंड रेडर्सकडून ९२ झेल घेऊन १,२११ यार्ड काढत होता. एक डागही सांगून टाकावा. १९८१ पासून बंदी असलेला चिकट पदार्थ आपण हातमोज्यांवर थोडा फवारत असू, असे त्याने २०१५ मध्ये स्वतःच कबूल केले. त्यावरून बराच गदारोळ झाला. सर्वाधिक यार्डांच्या यादीत त्याच्या खालोखाल असलेला लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ यार्डांवर थांबला आहे.

निवृत्तीही त्याने दोनदा घेतली म्हणायची. २००५ मध्ये डेन्व्हर संघाच्या सराव शिबिरातून तो घरी गेला, आणि ऑगस्ट २००६ मध्ये फोर्टीनाइनर्सने त्याला एका दिवसाच्या करारावर परत घेतले, त्यांचा खेळाडू म्हणून निवृत्त होता यावे यासाठी. कराराची रक्कम १९,८५,८०६.४९ डॉलर. निवडीचे वर्ष १९८५, पाठीवरचा नंबर ८०, निवृत्तीच्या २००६ मधला ६ आणि संघाच्या नावातले ४९. पैसे अर्थातच कुणी दिले नाहीत.