जुनी छोटी विमानं का पडतात?

५ मार्च २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून रायन पीटी-२२ जातीचं एक विमान उडालं. दुसऱ्या महायुद्धात नवशिक्या वैमानिकांना शिकवण्यासाठी १९४२ साली बांधलेलं हे विमान अभिनेते हॅरिसन फोर्ड चालवत होते. चढ सुरू असतानाच इंजिनाची ताकद गेली. मागे वळून धावपट्टी गाठायचा विचार त्यांनी केला, पण तेवढी उंची हाताशी नव्हती. मग त्यांनी शेजारच्या गोल्फच्या मैदानाकडे रोख धरला. वाटेत झाडाचा शेंडा लागला आणि विमान मैदानावर आदळलं. फोर्ड गंभीर जखमी झाले, पण वाचले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं इंजिन तपासलं, तेव्हा दोष सापडला कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात. तिथे जेट नावाचा आटे पाडलेला एक इवलासा भाग असतो. त्याच्या भोकातून इंजिनाला मोजून पेट्रोल मिळतं. तो जेटच फिरत फिरत आपल्या जागेवरून सुटला होता. माप गेलं आणि पेट्रोल इतकं वाहिलं की हवेशी त्याचं प्रमाण पार बिघडलं. तो कार्ब्युरेटर सुमारे १७ वर्षांपूर्वी, विमानाच्या डागडुजीच्या वेळी उघडून जुळवलेला होता. त्यानंतर हा जेट घट्ट आहे का, हे अमुक काळानं बघा, अशी सूचना देखभालीच्या कागदपत्रांत कुठेच नव्हती.

असा अपघात वाचला की जुन्या विमानांबद्दलचं आपलं मत पक्कं होतं: जुनं झालं, झिजलं, पडलं. पण अपघातांचे अहवाल एकामागून एक वाचत गेलं की वेगळंच चित्र दिसू लागतं. बहुतेक वेळा पडलेलं विमान धडधाकट असतं. चुकलेलं असतं ते चालवणं, आणि त्यातही पुष्कळदा पायांचं काम.

वैमानिकाचे पाय रडरच्या पेडलवर असतात. विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं उभं पातं म्हणजे रडर. आजच्या बहुतेक छोट्या विमानांना नाकाखाली चाक असतं, जमिनीवर ती बऱ्यापैकी आपणहून सरळ धावतात. पायपर कब, टायगर मॉथ, स्टिअरमन या जुन्या मंडळींचं तिसरं चाक मात्र शेपटीखाली. टायगर मॉथच्या शेपटीखाली तर मुळात चाकही नव्हतं, नुसती घासत जाणारी पट्टी होती, आणि ब्रेकही नव्हते. वारा येईल त्या दिशेला तोंड करून गवताळ मैदानात उतरायचं, हे गृहीत धरून बांधलेलं विमान ते.

शेपटीच्या चाकानं एवढं काय बिघडतं? एक काठी चिमटीत धरून खाली लोंबकळत ठेवा. तिला धक्का दिला तरी ती झुलून पुन्हा सरळ होते. आता तीच काठी तळहातावर उभी तोला. जराशी कलली की कल वाढतच जातो, आणि हात सतत हलता ठेवावा लागतो. शेपटीचं चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून धावपट्टीवर ते या दुसऱ्या काठीसारखं वागतं. नाक थोडं वळलं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि ते वळण आणखी वाढवतं. वेळीच उलटा पाय पडला नाही तर विमान जागच्या जागी गिरकी घेतं. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, चाकाचा पाय मोडतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात माणसं फारशी मरत नाहीत, विमानं मात्र खूप मोडतात. बाजूचा वारा असेल तर धोका जास्त, आणि उतरल्यावर वेग मंदावत असताना सर्वांत जास्त, कारण तेव्हा रडरवरून वाहणारी हवा क्षीण झालेली असते आणि वैमानिकाला वाटत असतं, आता झालं. नाकाच्या चाकावर शिकलेल्या पायांना हे ठाऊकच नसतं. अमेरिकेत १५ एप्रिल १९९१ पासून अशी विमानं चालवण्यासाठी प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. माझ्या मते ती फार आधी लागायला हवी होती.

माणसं मरतात ती हवेत, बहुतेकदा कमी उंचीवर. पंखाच्या पाठीला हवा लगटून वाहते तोवर पंख विमानाला उचलून धरतो. पंखाचा हवेशी कोन फार वाढला की ती हवा पाठीवरून सुटते आणि उचल एकदम ढासळते. हा स्टॉल. त्यासाठी इंजिन बंद पडावं लागत नाही, आणि वेग फार कमीच असावा लागतो असंही नाही. ६० अंश कलून, उंची न बदलता वळण घेतलं तर पंखांना दुप्पट वजन पेलावं लागतं, आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. एरवी ताशी ६० किलोमीटरला स्टॉल होणारं कब मग ८५ लाच कोसळू लागतं.

आता उतरण्याआधीचं शेवटचं वळण डोळ्यांसमोर आणा. वाऱ्यानं विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकललं आहे. जास्त कलायला मन धजत नाही, म्हणून वैमानिक पायानं रडर दाबून नाक ओढतो, आणि खाली झुकू लागलेलं नाक हातानं वर धरतो. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो, विमान त्या अंगावर कलंडतं आणि गरगरत खाली येतं. याला स्पिन म्हणतात. उंची जेमतेम दीडशे मीटर; सावरायला जागाच नाही. जुन्या विमानांत इथे आणखी एक अडचण येते. विमान डावीकडे कलवायचं तर उजव्या पंखावरचं पातं खाली जातं, तिथली उचल वाढते तशी हवेची ओढही वाढते आणि नाक उलट उजवीकडे खेचलं जातं. नव्या रचनांत ही खोड पुष्कळ कमी केलेली आहे. जुन्यांत ती पायांनीच मोडायची. स्टॉलची सूचना देणारा भोंगाही त्यांच्यापैकी अनेकांत नसतो.

स्पिनमधून सुटता येतं, हे एके काळी कुणाला माहीतही नव्हतं. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचं अॅव्रो विमान असंच फिरत कोसळू लागलं. बाकीचे उपाय हरल्यावर त्यांनी फिरण्याच्या विरुद्ध बाजूचा रडर पूर्ण दाबला आणि जमीन अगदी जवळ आली असताना विमान सावरलं. पायांनीच. पुढे अभियंते फ्रेड विक यांनी अर्कूप नावाचं विमान आखलं, त्यात रडरचे पेडलच काढून टाकले आणि नाक फार वर जाणारच नाही अशी व्यवस्था केली. ते स्पिनमध्ये जात नसे. मात्र वेग फार उतरला तर झपाट्यानं खाली बसत असे. भौतिकशास्त्रानं अर्धीच सूट दिली.

इंजिनाच्या तक्रारी तशा साध्या असतात. कबचं इंधनमापक म्हणजे टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार; आत तिच्या टोकाला बुचाचा तरंगता तुकडा. तार खाली गेली की पेट्रोल संपत आलं. याहून स्पष्ट काय असणार? तरीही टाकी रिकामी करून पडलेली विमानं थोडी नाहीत. कार्ब्युरेटरमधलं बर्फ जास्त फसवं. पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद घशातून जाताना हवा वीसेक अंशांनी थंड होऊ शकते, त्यामुळे दमट पण उबदार दिवशीही आत बर्फ धरतं. वेळीच गरम हवेचा दांडा ओढला नाही तर इंजिन गुदमरतं. आणि तपासनीस पोहोचेपर्यंत पुरावा वितळून गेलेला असतो.

काही वेळा मात्र खरोखर धातूच दगा देतो. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ एका टायगर मॉथचे डावीकडचे, एकावर एक असलेले दोन्ही पंख कसरतीच्या वेळी निखळले आणि दोघांचा जीव गेला. पंखांचा ताण पेलणाऱ्या, धडात आडव्या बसवलेल्या दोन सळया आट्यांच्या जागी तुटल्या होत्या. तिथे थकव्याच्या भेगा आधीपासूनच होत्या. तार वरचेवर वाकवली की तुटते, तसंच हे घडतं, फक्त वर्षानुवर्षं आणि नजरेआड. या सळया मूळ कारखान्याच्याही नव्हत्या, नंतर बनवलेल्या होत्या. जुन्या पायपर विमानांत पंखाला खालून आधार देणारी पोलादी नळी अशीच आतून गंजते, बाहेरचा रंग मात्र नव्यासारखा चकाकत असतो.

फोर्ड यांच्या विमानाच्या तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. त्यांनी खांद्याचा पट्टा बांधला होता, पण तो जोडलेला होता आसनाच्या पाठीला, आणि ती पाठ मजबूत केलेली नव्हती. आघातात पाठच मोडली. अपघातात आतला माणूस कसा वाचेल, या प्रश्नाला ह्यू डिहेवन यांनी आयुष्य वाहिलं. १९१७ साली वैमानिकाच्या प्रशिक्षणात त्यांचं विमान दुसऱ्या विमानावर आदळलं. ते वाचले, पण त्यांच्याच पट्ट्याच्या बकलानं पोटातल्या अवयवांना जबर इजा केली. १९४२ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात अपघातांतल्या जखमांचं संशोधन सुरू केलं: माणूस नेमका कशावर आदळतो, पट्टा कुठे सुटतो. अमेरिकेत छोट्या विमानांच्या पुढच्या आसनांना खांद्याचे पट्टे सक्तीचे झाले ते १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या विमानांपासून. त्याआधीच्या कित्येक विमानांत अजून फक्त कमरेचा पट्टा असतो. खांद्याचा नंतर बसवता येतो, पण त्याचं वरचं टोक आसनाऐवजी धडाच्या पोलादी नळीला जोडायचं असतं.