पाऊस नव्हे, ओला चिरा

जुलै लागला की गुहागरच्या आमच्या घरी हमखास ऐकू येतं, "पाऊस लागलाय, मागच्या पडवीत वायफाय कुठून येणार!" दोष पावसाला. पण राउटर माजघरात, पडवी घराच्या आत. मध्ये एक थेंबही पडत नाही. आणि पडला असता तरी एवढ्याशा अंतरात वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचं काही बिघडलं नसतं. अडवतो तो भिंतीतला चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा.

जांभ्याचा चिरा जवळून बघा, नुसती भोकं. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचा; पण गंज काही पत्र्यासारखा वीज वाहून नेत नाही, त्यामुळे लोह इथे निर्दोष. खरी गोष्ट पाण्याची. जूनपासून ही भोकं पाणी पितात. गिलावा नसलेल्या भिंतीला हात लावा, तळवा ओला होतो.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनकडची किंचित धन. लहरीतलं विद्युतक्षेत्र सेकंदाला २.४ अब्ज आवर्तनं करतं आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा दिशा पालटतं. रेणू त्याच्यामागे वळू बघतो, पण शेजारच्या रेणूंनी त्याला हायड्रोजन बंधांनी धरलेलं असतं. तो क्षणभर मागे पडतो, आणि या मागे पडण्यातच लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. मायक्रोवेव्हमध्ये भात तापतो तो याच घुसळणीने. २.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याची 'खास' वारंवारता असते हे वारंवार सांगितलं जातं, ते चूक आहे. खोलीच्या तापमानाला ही ओढाताण २० गिगाहर्ट्झच्या आसपास शिगेला पोचते. म्हणूनच वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल ओल्या भिंतीत आणखी लवकर संपतो. एका भिंतीने निम्मी शक्ती खाल्ली असं धरलं, तर तीन भिंतींपलीकडे आठवा हिस्सा उरतो.

राउटरला 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर लावणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की वायफायच्या एका फोटॉनची (लहरीतल्या ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडीची) ऊर्जा लाल प्रकाशाच्या फोटॉनच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकीच असते. स्टिकरचे पैसे केबलला लावा.

कारण उपाय तोच आहे: भिंतीतून लहर नको, वायर न्या. कपाटातला जुना राउटर काढा, तो पडवीत लावून केबलने मुख्य राउटरला जोडायचा. त्याचा नेटवर्कमधला पत्ता (आयपी) बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा; घरात पत्ते वाटणारा एकच हवा. केबल दोन्हीकडे लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात, वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) नव्हे. वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवा, चॅनेल मात्र वेगळं: एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. वायर टाळून रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) लावला, तर एकाच रेडिओला आधी ऐकावं आणि मग तेच पुन्हा बोलावं लागतं. वेग साधारण निम्मा होतो.

आम्ही केबल माळ्यावरून, वाशांच्या कडेने नेली. मांगर (घराबाहेरची खोपी) वेगळा असेल तर मात्र तांब्याची केबल उघड्यावरून ओढू नका. पावसाच्या तोंडावर जवळपास वीज पडली तरी तिचा झटका त्या तारेतून दोन्ही राउटरपर्यंत येतो. तिथे फायबरच घाला.