दोघांपासून सारख्याच अंतरावर

आरशासमोर उभे राहा आणि काचेवर कुठेही बोट टेकवा. ते बोट तुमच्या नाकाच्या शेंड्यापासून जितकं लांब, तितकंच आरशातल्या नाकापासूनही लांब असतं. बोट कोपऱ्यात न्या, खाली न्या, फरक पडत नाही. अवकाशातल्या दोन बिंदूंपासून समदूर असलेले सगळे बिंदू कुठे असतात, याचं उत्तर म्हणजे हा आरसा. फक्त त्याला चौकट नसते, तो चारी बाजूंना अमर्याद पसरलेला असतो.

कागदावर हेच उत्तर एक रेषा होती, आपला शाळेतला लंबदुभाजक. तिसरी मिती आली की रेषेचं प्रतल होतं.

आता खोलीत दोन डास आहेत असं समजू. जमिनीवरच्या एका कोपऱ्यापासून फुटांत मोजलं तर एक (१, २, ३) इथे, दुसरा (५, ४, ७) इथे. (x, y, z) हा बिंदू दोघांपासून सारखा लांब असेल तर अंतरांचे वर्गही सारखे:

(x−१)² + (y−२)² + (z−३)² = (x−५)² + (y−४)² + (z−७)²

हे बघून घाम फुटतो खरा. पण कंस सोडवले की x², y², z² दोन्ही बाजूंनी जातात आणि हाती उरतं एवढंच: २x + y + २z = १९. वर्ग उडाले म्हणूनच उत्तर सपाट आलं, गोल किंवा वाकडं नाही. पडताळा हवा? (०, १९, ०) घ्या. पहिल्या डासापर्यंतच्या अंतराचा वर्ग १ + २८९ + ९, दुसऱ्यापर्यंतचा २५ + २२५ + ४९. दोन्हीकडे २९९.

मला यातली सगळ्यात आवडती गंमत पृथ्वीवरची आहे. पृथ्वी गोल धरली, तर मुंबई आणि नागपूर दोन्ही तिच्या केंद्रापासून सारख्याच अंतरावर. म्हणजे केंद्रही त्यांच्या समदूर प्रतलावर आलंच! हे प्रतल पृथ्वीचे बरोब्बर दोन अर्धे करतं. हवाई अंतराने मुंबई-नागपूरला समदूर असलेली गावं शोधत जालन्याच्या थोडं पूर्वेकडून सरळ निघालात, तर पृथ्वीला पूर्ण वळसा घालून तिथेच परत याल.

बिंदू वाढवले की प्रतलं एकमेकांना छेदू लागतात. १९३३ साली विग्नर आणि साइट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी सोडियम धातूचा अभ्यास करताना हेच केलं: एक अणू आणि त्याचा प्रत्येक शेजारी यांच्या मधोमध असं प्रतल उभं केलं. सोडियमच्या अणूला जवळचे ८ शेजारी, आणि साधारण १५ टक्के जास्त अंतरावर आणखी ६. त्या १४ प्रतलांनी अणूभोवती एक खोली तयार होते: ८ भिंती षटकोनी, ६ चौरस. अशा खोल्या एकमेकींना चिकटवत गेलं तर मध्ये कुठेही फट राहत नाही.