दारुहळदीचा हरवलेला गुण

दारुहळदीचं खोड तासलं की आतून पिवळंधमक लाकूड निघतं. नावात हळद असली तरी हळदीशी तिचं नातं रंगापुरतंच, आणि 'दारु' म्हणजे संस्कृतात लाकूड, उगाच भलता अर्थ नको. हिमालयातलं हे काटेरी झुडूप. त्याचा काढा आटवून केलेलं रसांजन वैद्य पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसाठी नि जखमांसाठी वापरत आले. पिवळेपणा बर्बेरिन नावाच्या अल्कलॉइडचा (वनस्पतींत बनणारं नायट्रोजनयुक्त द्रव्य), आणि हे बर्बेरिन जीवाणू मारतं.

मारतं, पण फारच मिळमिळीतपणे. म्हणजे झाड एवढं बर्बेरिन बनवतं ते कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं प्रयोगशाळेतल्या 'काही कामाचं नाही' असं लिहिलेल्या बाटल्यांमध्ये पडून होतं, असं मला वाटतं. ते का, हे कळायला औषधी वनस्पतीतून एखादं द्रव्य वेगळं कसं काढतात हे आधी पाहायला हवं.

झाड ओळखून घ्यायचं, त्याचा नमुना वनस्पतिसंग्रहालयात ठेवायचा (बाजारातल्या 'दारुहळदी'च्या पुडीत काय काय असतं ते विचारू नका), सावलीत वाळवून भरड दळायचं. मग सॉक्सलेट नावाचं काचेचं उपकरण. त्यात खालचं द्रावक उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते आणि भुकटीवर ठिबकते. नळी भरली की सगळं झपकन खाली उतरतं आणि पुन्हा पहिल्यापासून. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये हे बनवलं ते दुधातली चरबी मोजायला. आज त्यात कडुनिंबापासून अडुळशापर्यंत सगळं उकळतं. आधी हेक्झेन घेतलं की मेण नि तेलं निघतात. पुढे इथिल ॲसिटेट आणि मिथेनॉल जास्त पाणीप्रेमी द्रव्यं ओढून घेतात.

हा अर्क जीवाणू पेरलेल्या आगरच्या (जीवाणू वाढवायच्या जेलीच्या) बशीत, छोट्या भोकात घालतात. रात्रभर उबेत ठेवल्यावर भोकाभोवती जीवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं, तर तो 'झोन'. एमएस्सीला असताना तुळशीच्या अर्काभोवती आलेला टपोरा झोन पाहून मी अख्ख्या वर्गाला चहा पाजला होता. नंतर लक्ष गेलं की शेजारच्या भोकात नुसतं मिथेनॉल होतं आणि त्याचाही झोन तेवढाच. तेव्हापासून 'अमुक पानांच्या रसाने जंतू मेले' अशी बातमी वाचली की मी आधी विचारतो, नुसत्या द्रावकाचं काय झालं? आणि किती मात्रेत? टॅनिन, म्हणजे वनस्पतींतलं तुरट द्रव्य, तर दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, त्याचाही झोन येतो. त्याचं औषध होत नाही. शिवाय झोनचा आकार फसवा असतो, कारण जे द्रव्य आगरमध्ये नीट पसरत नाही त्याचं वर्तुळ लहानच राहतं. म्हणून पुढे वाढ थांबवणारी किमान मात्रा मोजतात.

अर्कात शेकडो द्रव्यं असतात. ती वेगळी करायला सिलिकाची भुकटी भरलेली उभी नळी, म्हणजे कॉलम, लावायची, वरून अर्क घालायचा आणि द्रावक सोडत राहायचं. काही द्रव्यं सिलिकाला चिकटून रेंगाळतात, काही सरसर खाली येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत यांनी खडूच्या भुकटीच्या नळीत पानांचे रंग असेच वेगळे केले. त्यांच्या आडनावाचा रशियन अर्थही 'रंग'च! खाली थेंब थेंब जमतं ते वेगवेगळ्या बाटल्यांत, म्हणजे फ्रॅक्शनमध्ये, धरतात. प्रत्येक फ्रॅक्शन पुन्हा जीवाणूंवर तपासायचं. जे मारतं ते पुढच्या कॉलमला, जे मारत नाही ते मोरीत. शेवटी उरलेल्या शुद्ध द्रव्याची रचना एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या रेणू ओळखायच्या तंत्रांनी काढायची.

पद्धत तर्कशुद्ध आहे. पण या कामातल्या कुणालाही विचारा, एक रडगाणं ऐकू येईल : अर्क चांगला चालत होता, कॉलम केला आणि गुण गेला. कुठल्याच बाटलीत सापडेना.

२००० साली अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ फ्रँक स्टर्मिट्झ आणि टफ्ट्स विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किम लुईस यांच्या गटाने याचा एक सुरेख उलगडा छापला. झाडं होती दारुहळदीच्याच बर्बेरिस वंशातली. जीवाणू स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे गळवं आणि जखमा पिकवणारा. बर्बेरिनचा रेणू धनभारित असतो आणि जीवाणूच्या पेशीचं अंतरंग ऋणभारित, त्यामुळे तो आपसूक आत ओढला जातो. पण या जीवाणूच्या पेशीच्या पटलात 'नॉर-ए' नावाचा पंप बसलेला असतो. नॉरफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक बाहेर फेकतो म्हणून हे नाव, आणि बर्बेरिनलाही तो तसाच बाहेर काढतो. तळघरात पाणी शिरतंय आणि मोटार ते तितक्याच वेगाने उपसतेय, अशी गत.

त्यांनी प्रश्न उलटा केला. कुठली बाटली जीवाणू मारते हे पाहण्याऐवजी, एकट्याने मारणार नाही इतकं थोडं बर्बेरिन प्रत्येक चाचणीत आधीच घातलं आणि मग कुठल्या बाटलीमुळे ते मारू लागतं हे पाहिलं. मिळालं ५′-मेथॉक्सिहायड्नोकार्पिन. या द्रव्यात जीवाणू मारायची ताकद शून्य. पण ते मोटार बंद पाडतं, आणि मग बर्बेरिन पेशीत साचत जातं. नॉरफ्लॉक्सॅसिनचाही जोर त्याने वाढला. झाड गोळी आणि तिचा साथीदार दोन्ही बनवत होतं, आणि आपण कॉलममध्ये त्यांची ताटातूट करून साथीदाराला मोरीत ओतत होतो.

या लांबलचक नावात 'हायड्नोकार्पिन' आहे ते हायड्नोकार्पस वंशामुळे. त्यातलं एक झाड आपल्या सह्याद्रीत, कोकणात ओढ्याकाठी वाढतं, ते म्हणजे कडू कवठ. त्याच्या नि त्याच्या भाईबंदांच्या बियांचं तेल म्हणजे चौलमुग्रा, कुष्ठरोगावरचा जुना उपाय. तेल इतकं चिकट की टोचलं तर गाठी व्हायच्या. हवाईतल्या तरुण रसायनशास्त्रज्ञ ॲलिस बॉल यांनी १९१५च्या सुमारास त्यातल्या आम्लांची इथिल एस्टरं करून ते टोचण्याजोगं केलं. १९१६ मध्ये, अवघ्या २४व्या वर्षी त्या गेल्या आणि श्रेय काही काळ दुसऱ्याच नावावर राहिलं. त्याच तेलात पंप बंद पाडणारं हे द्रव्यही किंचित प्रमाणात असल्याची नोंद आधीच झालेली होती. तेव्हा सगळ्यांचं लक्ष आम्लांवर होतं.

जोडीने काम करणारी औषधं आपल्याला नवी नाहीत. डॉक्टर '६२५'ची अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह गोळी देतात, तिच्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असतं. हे आम्ल एकटं जीवाणूंचं फारसं बिघडवत नाही. ते फक्त अमॉक्सिसिलिनला तोडणाऱ्या जीवाणूच्या एन्झाइमला अडकवून ठेवतं. पण ही दोघं सूक्ष्मजीवांच्या घरातली किंवा तिथून सुरू झालेली. वनस्पतींकडून अशी जोडगोळी औषधाच्या दुकानात अजून आलेली नाही. बर्बेरिन आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं. जिथे गळू झालंय तिथे दोन्ही द्रव्यं एकाच वेळी, पुरेशा मात्रेत पोचवायची कशी, हे काम बशीतल्या झोनपेक्षा फार अवघड आहे. दारुहळदीच्या या भाईबंदांना ती अडचण नाही. ती दोन्ही द्रव्यं झाड स्वतःच बनवतं.