सुरक्षित समुदाय

सुरक्षित समुदाय : आपल्या हद्दीत कोणाला, कुठे, कशाने इजा होते याची मोजदाद गावाने किंवा शहराने स्वतः ठेवायची आणि दवाखाना, शाळा, नगरपालिका, पोलीस, कारखाने व रहिवासी यांनी एकत्र बसून त्या इजांची कारणे एकेक करून दूर करायची, अशी कार्यपद्धती. तिची सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये झाली. १९८९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने तिला आंतरराष्ट्रीय चळवळीचे रूप आले.

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे आपण वाचलेल्या माणसाबद्दल म्हणतो आणि न वाचलेल्याबद्दल नशिबाला बोल लावतो. या पद्धतीचा पाया नेमका याच्या उलट आहे. एका घरापुरता अपघात अवचित असतो, पण गावातले वर्षभराचे अपघात एकत्र मांडले की त्यांना ठरावीक जागा, वेळ आणि वय असल्याचे दिसते. अमुक वळण, अमुक यंत्र, सकाळची अमुक वेळ. जे पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी घडते, ते टाळता येते.

पहिला प्रयोग पश्चिम स्वीडनमधील फाल्शोपिंग या सुमारे ३२ हजार वस्तीच्या नगरपालिका क्षेत्रात झाला. १९७८ मध्ये तेथील दवाखान्यांत उपचाराला येणाऱ्या प्रत्येक इजेची नोंद ठेवायला सुरुवात झाली. जखम कोणती एवढेच न लिहिता ती कुठे आणि काय करत असताना झाली, हेही लिहून घेतले जाई. त्या नोंदींवरून घर, शेत, रस्ता आणि कामाची जागा यांसाठी उपाय ठरले व ते अमलात आणायला विविध खात्यांचा आणि संघटनांचा एक गट बसवला गेला. काही वर्षांतच इजांचे प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने उतरले. स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेचे प्राध्यापक लेइफ स्वानस्ट्रॉम यांनी हा अनुभव जगापुढे नेला. सप्टेंबर १९८९ मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेत ‘आरोग्य आणि सुरक्षितता यांवर सर्व माणसांचा सारखाच हक्क आहे’ असा जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी फाल्शोपिंगच्या जवळचे लिद्शोपिंग हे अधिकृत मान्यता मिळालेले पहिले सुरक्षित समुदाय ठरले. जपानमध्ये अशी पहिली मान्यता क्योतो प्रांतातल्या कामेओका शहराला २००८ मध्ये मिळाली.

या मान्यतेच्या अटींत ‘इजा कमी असाव्यात’ अशी अट नाही. गावात सर्वांना सामावणारा कायमचा गट आहे का, काम सर्व वयांच्या स्त्रीपुरुषांसाठी आहे का, ज्यांना धोका अधिक त्यांच्याकडे विशेष लक्ष आहे का, नोंदी ठेवल्या जातात का आणि केलेल्या उपायांचा परिणाम तपासला जातो का, हे पाहिले जाते. त्यामुळे मान्यता हे सुरक्षिततेचे प्रशस्तिपत्र नसून काम चालू असल्याची खूण आहे. पाटी लावून मोकळे होण्याची सोय इथे नाही, आणि ते योग्यच आहे.

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील हार्स्टाड या सुमारे २२ हजार वस्तीच्या गावातले काम या पद्धतीचा सर्वांत बोलका नमुना मानावा लागेल. तेथील शल्यचिकित्सक बोर्गे इटरस्टाड यांनी १९८५ पासून रुग्णालयात इजांची नोंद सुरू केली. पाच वर्षांखालील मुलांच्या भाजण्याच्या नोंदी पाहिल्यावर दोन गोष्टी वर आल्या : शेगडीवरून अंगावर ओढले जाणारे भांडे आणि नळाचे अतिगरम पाणी. मग शेगडीच्या कडेला बसवायच्या संरक्षक कठड्याचा प्रचार झाला आणि पाणी तापवण्याच्या यंत्राची मर्यादा ५५ अंश सेल्सियसपर्यंत उतरवायला घरोघरी सांगितले गेले. लहान मुलांच्या भाजण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ट्रॉनहाइम शहरात मात्र तशी घट दिसली नाही. पालकांना ‘जपा, लक्ष ठेवा’ असे सांगण्यापेक्षा एकदाच करून ठेवलेले बदल अधिक परिणामकारक ठरले, हा तेथला महत्त्वाचा निष्कर्ष. आईची नजर दिवसभर मुलावर राहू शकत नाही, कठडा मात्र जागचा हलत नाही. बाळ भाजले की आधी आईला बोल लावणाऱ्या प्रत्येक घराने हे समजून घ्यायला हवे.

यश सगळीकडे सारखे नाही. मान्यताप्राप्त समुदायांची संख्या शेकड्यांत गेली, पण पद्धतशीर मूल्यमापन फारच थोड्यांचे झाले. जे झाले त्यात स्कँडिनेव्हियातील घट ठळक दिसते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील चित्र तितके स्पष्ट नाही. खुद्द फाल्शोपिंगमध्ये सुरुवातीच्या घसरणीनंतर कार्यक्रम सैल पडला आणि इजा पुन्हा वाढल्या. ही नोंद चळवळीच्या प्रवर्तकांनीच, दहा वर्षांनी मागे वळून पाहताना, प्रामाणिकपणे प्रसिद्ध केली.

गरीब आणि दाट वस्तीच्या प्रदेशात हे काम कसे चालते, ते बांगलादेशात पाहायला मिळते. तेथे २००३ च्या राष्ट्रीय पाहणीत एक वर्षावरील मुलांच्या मृत्यूंचे एक मोठे कारण बुडणे हे असल्याचे पुढे आले. जवळजवळ प्रत्येक घरामागे पुकुर म्हणजे तळे. मूल रांगू-चालू लागले की ते पाण्यापर्यंत पोचते. बहुतेक मृत्यू घरापासून हाकेच्या अंतरावर आणि सकाळी ९ ते दुपारी १ च्या सुमारास, म्हणजे आई कामात आणि मोठी भावंडे शाळेत असताना होत. उपाय त्या चार तासांवरच बेतला गेला. गावातल्याच एका बाईच्या घरी, तिच्या मदतनिशीच्या सोबतीने, सुमारे २५ मुले आठवड्यातले सहा दिवस सांभाळायची. या केंद्राचे नाव ‘आँचल’, म्हणजे आपल्याकडचा पदर. आणि सांभाळणारी ती ‘आँचल मा’. केंद्राची जागा ठरवणे, मुले येतात का पाहणे, उघड्या तळ्याला कुंपण घालायला मालकाला राजी करणे ही कामे गावाच्या समितीकडे. थोड्या मोठ्या मुलांसाठी गावच्याच तळ्यात बांबूचा मचाण बांधून पोहण्याचे वर्ग सुरू झाले. २५ मीटर पोहणे, अर्धा मिनिट तरंगणे आणि पाण्यात न उतरता बुडणाऱ्याला बांबू किंवा दोर देणे, एवढे आले की मूल उत्तीर्ण. २००६ नंतरच्या काही वर्षांच्या अभ्यासात आँचलमध्ये जाणाऱ्या मुलांचे बुडण्याचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक आणि पोहायला शिकलेल्यांचे ९० टक्क्यांहून अधिक कमी आढळले. २०२२ मध्ये बांगलादेश सरकारने अशी ८ हजार केंद्रे उभारण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या आदल्या वर्षी बांगलादेश व आयर्लंड यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिन ठरवला होता.

महाराष्ट्रात या नावाने काम फारसे ओळखले जात नाही, पण त्याची सामग्री गावोगाव आहे. सुका भोपळा, हवाबंद डबा किंवा पांगाऱ्याचा ओंडका पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकवणारे चुलते-मामे ही बांबूच्या मचाणाचीच सख्खी भावंडे. फरक इतकाच की ते शिक्षण ज्या घरात पोहणारा आहे त्या घरापुरते राहिले आणि मुलींपर्यंत कमीच पोचले. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागून लाल-पिवळ्या परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम पोलीस, साखर कारखाने आणि स्वयंसेवक मिळून चालवतात. अंधारात उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळू नये यासाठीचा तो साधा, स्वस्त आणि खरा प्रतिबंध. गड-दऱ्यांत अडकलेल्यांसाठी रात्री-अपरात्री दोर घेऊन निघणारी सह्याद्रीतली गिर्यारोहक पथके, बुडालेल्यांचा शोध घ्यायला होड्या काढणारे कोळी आणि भोई यांचे उपकार मोठे आहेत. मात्र हे सारे घडून गेल्यानंतरचे धावणे आहे. घडण्याआधीच्या कामाची सुरुवात दवाखान्यातल्या केसपेपरपासून होते. तिथे ‘पडून मार’ एवढेच लिहिले तर काही कळत नाही. ‘कठडा नसलेल्या विहिरीत, पाणी शेंदताना’ असे लिहिले, तर पुढच्या ग्रामसभेत त्या विहिरीचा आणि तिच्या कठड्याचा विषय घेता येतो.