तिकीट कोण देतं? अमेरिकेतल्या पक्षांची पार्श्वभूमी

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून, डेट्रॉईट परिसरातल्या मतदारसंघातून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले. अशी बातमी वाचली की आपल्याला वाटतं, डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना तिकीट दिलं असणार. तसं झालं नव्हतं. नऊ जणांच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, सुमारे २८ टक्के मतं घेऊन त्यांनी उमेदवारी जिंकली होती. पक्षातली बरीच वजनदार मंडळी इतरांच्या पाठीशी होती, पण ठाणेदारांना रोखण्याचं साधन त्यांच्या हाती नव्हतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्मची वाट बघत ताटकळणारे इच्छुक आपण दर निवडणुकीत पाहतो. अमेरिकेत एबी फॉर्मच नाही.

हे एका दिवसात घडलेलं नाही. अमेरिकी पक्षांचा इतिहास बहुतेकदा धोरणांच्या अंगाने सांगितला जातो. मला मात्र तो उमेदवारीच्या चाव्या कोणाच्या कमरेला होत्या, या प्रश्नातून जास्त नीट समजतो.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात तयार झालेल्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख नाही. तो विसरून राहिलेला नाही, त्या पिढीला पक्ष नकोच होते. जेम्स मॅडिसन यांनी त्याच वर्षी गटबाजीला लोकशाहीचा रोग मानून लेख लिहिला. स्वर्गात जायला पक्षाचीच सोबत लागणार असेल तर मी तिथे जाणारच नाही, असं थॉमस जेफरसन यांनी १७८९ साली एका पत्रात म्हटलं. आणि पुढच्या तीन-चार वर्षांत याच दोघांनी पक्ष उभा केला.

कारण पैशाचं होतं. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना राज्यांची युद्धकर्जं केंद्राच्या डोक्यावर घ्यायची होती आणि जुने कर्जरोखे पूर्ण किमतीने फेडायचे होते. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांनी गरजेपोटी हे रोखे कवडीमोलाने विकले होते, त्यामुळे फायदा सटोडियांचा होणार होता. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपलं बरंचसं कर्ज आधीच फेडलं होतं, त्यांना हा अन्याय वाटला. १७९१ साली राष्ट्रीय बँक आली आणि भांडण उघड्यावर आलं. परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी फिलिप फ्रेनो या कवीला आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरवर अनुवादक नेमलं आणि फ्रेनोच्या वृत्तपत्राने हॅमिल्टनना झोडपायला सुरुवात केली. एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री वृत्तपत्रांतून लढत होते. १७९६ साली पद सोडताना जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पक्षभावनेपासून सावध राहा असं देशाला कळकळीने सांगितलं, तेव्हा फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन हे दोन तट पक्के झालेले होते. (हे रिपब्लिकन आजचे नव्हेत.)

घटना मात्र पक्ष नाहीतच असं धरून चालली होती. राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांची सर्वाधिक मतं मिळवणारा अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. त्यामुळे १७९६ साली जॉन अॅडम्स ७१ मतांनी अध्यक्ष झाले आणि त्यांचे विरोधक जेफरसन ६८ मतांनी उपाध्यक्ष! १८०० साली उलट घोळ झाला. जेफरसन आणि त्यांचेच जोडीदार एरन बर यांना समान ७३ मतं पडली. प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान झाल्यावर कोंडी फुटली. १८०४ मधल्या बाराव्या दुरुस्तीने दोन्ही पदांची मतं वेगळी केली. घटनेने पक्षांचं अस्तित्व मान्य केलं, पण त्यांचं नाव घेतलं नाही. या गोंधळातली मोठी गोष्ट अशी की, सरकारवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात टाकणारा फेडरलिस्ट पक्ष निवडणूक हरला आणि त्याने सत्ता मुकाट्याने सोडली.

उमेदवार तेव्हा काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, पक्षसदस्य बंद खोलीत ठरवत. १८२४ साली अशा बैठकीला अवघे ६६ जण आले. त्यांनी निवडलेले क्रॉफर्ड मागे पडले. सर्वाधिक मतं मिळवूनही अँड्र्यू जॅक्सन यांचं अध्यक्षपद हुकलं, कारण बहुमत कोणालाच नव्हतं आणि प्रतिनिधीगृहाने जॉन क्विन्सी अॅडम्स यांना निवडलं. त्या संतापातून, मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या संघटनकौशल्यावर डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला आणि १८२८ मध्ये जॅक्सन जिंकले. १८३१-३२ पासून उमेदवार राष्ट्रीय अधिवेशनात ठरू लागले. दासप्रथेचा प्रश्न सोडवता न आल्याने जॅक्सन-विरोधकांचा व्हिग पक्ष विरला आणि १८५४ साली आजचा रिपब्लिकन पक्ष जन्मला. त्याच्या १८६० च्या शिकागो अधिवेशनात तिसऱ्या फेरीत अब्राहम लिंकन निवडले गेले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या दास्यमुक्ती घडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच संघर्षाला स्मरून.

अधिवेशनांची दुसरी बाजू म्हणजे स्थानिक बॉस. मतपत्रिका पक्षच छापत. त्या कागदालाच तिकीट म्हणत, आणि तो अनेकदा रंगीत असे, म्हणजे पेटीत कोणाचं मत पडतंय हे चारचौघांना दिसे. नोकऱ्याही पक्षाकडूनच मिळत. न्यूयॉर्कमधली डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना टॅमनी हॉल हा या यंत्रणेचा सर्वांत बदनाम नमुना. पुढे सरकारी छापील गुप्त मतपत्रिका आल्या आणि १९०३ साली विस्कॉन्सिनने राज्यभर प्रायमरीचा कायदा केला.

प्रायमरी म्हणजे सगळं शुद्ध, असं मात्र नव्हे. दक्षिणेतल्या राज्यांत डेमोक्रॅटिक उमेदवारी म्हणजेच विजय होता, आणि टेक्सासात त्या प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मतच नव्हतं. पक्ष ही आमची खासगी संस्था आहे, हा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये तो मोडून काढला. माझ्या मते अमेरिकी पक्षांच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते.

अध्यक्षपदाची उमेदवारी तरीही नेत्यांच्याच हातात राहिली. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट बहुतेक प्रायमरी जिंकले, पण रिपब्लिकन अधिवेशनाने तेव्हाचे अध्यक्ष टॅफ्ट यांना निवडलं. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धावरून देश पेटलेला असताना ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोत अधिवेशन चालू असताना रस्त्यावर पोलीस निदर्शकांना बडवत होते. त्यानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीतलं मतच निर्णायक ठरू लागलं. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अनेक बड्या नेत्यांचा विरोध असूनही डोनाल्ड ट्रम्प यांनी उमेदवारी मिळवली, ती याच वाटेने.

जो स्वतःच्या बळावर उमेदवारी मिळवतो त्याला पक्ष सभागृहात बांधून ठेवू शकत नाही. पक्षांतरबंदी कायदा तिकडे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या आठ सदस्यांनी डेमोक्रॅट्सबरोबर मत देऊन आपल्याच पक्षाचे सभापती केव्हिन मॅकार्थी यांना हटवलं. आठांपैकी कोणाचंही सदस्यत्व त्यामुळे गेलं नाही.

जुलै २०२४ मध्ये जो बायडन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस त्या वर्षी एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाल्या. हम्फ्रींनंतर असं प्रथमच घडलं. त्यांना निवडणारे पक्षाच्या अधिवेशनाचे बहुतेक प्रतिनिधी प्रायमरीतूनच आले होते, फक्त तिथली मतं बायडन यांच्या नावाने पडली होती.