काडतूस बसलं, म्हणजे उडवता येतं?

नौपाड्यातल्या एका मित्राकडे आजोबांचं वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्वर आहे, रीतसर परवान्यावर. त्याने मला दोन गोष्टी विचारल्या: हे अस्सल आहे का, आणि उडवता येईल का? पहिल्याला ‘हो’ आलं की दुसऱ्यालाही आलंच, अशी त्याची समजूत. तिथेच गफलत आहे.

अस्सलपणा धातू सांगतो. सांगाडा आणि सिलिंडर यांच्यावरचे क्रमांक जुळले पाहिजेत. क्रमांक घासून टाकला तरी ठशाच्या मारामुळे खालचे स्फटिक दबलेले राहतात; आम्ल लावलं की तो भाग वेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा दिसू लागतो. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीही निळा-काळा मुलामा चढलेला दिसला, तर तो गंजानंतर चढवलेला, हे उघड आहे. चकाकी पाहून हुरळणाऱ्यांना हे सांगून पटत नाही!

सुरक्षिततेचं गणित निराळं. १९१५ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेलं हे रिव्हॉल्वर .४५५ काडतुसासाठी होतं. पुढे अमेरिकेत अशा अनेक रिव्हॉल्वरांच्या सिलिंडरची मागची बाजू तासून त्यांत .४५ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तुलाचं) काडतूस बसेल अशी सोय केली गेली. बसतं ते छान. पण मूळ काडतुसाचा दाब चौरस इंचाला साधारण १३,००० पौंड, तर .४५ एसीपीची कमाल मर्यादा २१,०००. एका बाराला काही होणार नाही कदाचित, पण प्रत्येक बाराबरोबर पोलाद थकत जातं. म्हणून नळीत कुठे फुगवटा आहे का, चिरा आहेत का, घोडा मागे ओढल्यावर सिलिंडर नळीसमोर पक्का थांबतो का, हे जाणत्या कारागिरानेच तपासावं.

नळीचा शत्रू आणखी एक आहे. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत, म्हणजे घोडा आपटल्यावर आधी पेटणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. हवेतली आर्द्रता ८४ टक्क्यांच्या वर गेली की तो पाणी ओढून विरघळतो आणि गंज सुरू होतो. आपल्याकडे, खाडीकाठी, जुलैत हे रोजचंच. त्यात चामड्याचं कव्हर ओल धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेली आम्लंही त्यात असतात.

कारागिराकडे नेईपर्यंत ते कव्हरातून बाहेर काढून, तेलाचा हात फिरवून, कुलपात ठेव, एवढंच मी त्याला सांगितलं.